पंचेचाळिशीनंतर फौजदारी वकील व्हायचंय? सुरुवात अशी करा

बँकेतली एकोणीस वर्षांची नोकरी सोडून मी एलएलबीला प्रवेश घेतला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. म्हणूनच "मॅडम, या वयात जमेल का?" असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. कायद्यात वय आड येत नाही. पंचेचाळीस ओलांडलेल्यांना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द केला. एलएलबी प्रवेशाच्या कमाल वयाच्या अटीलाही २०१७ मध्ये स्थगिती दिली.

राजीनामा देण्याआधी आठवडाभर रजा टाका आणि जवळच्या फौजदारी कोर्टात जाऊन बसा. कोर्ट खुलं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. सकाळी पुकारे ऐका आणि रिमांडचं काम चुकवू नका. तपास अधिकारी पोलीस कोठडी मागतो, बचावाच्या वकिलाला बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. बाहेर व्हरांड्यात आरोपीची आई पिशवी घट्ट धरून उभी असते आणि दिसेल त्या काळ्या कोटाला विचारते, "आज सुटेल का हो?" तिला खरं उत्तर देण्याची हिंमत आपल्यात आहे असं वाटलं, तरच पुढचा विचार करा.

मग घरच्यांना घेऊन हिशेबाला बसा. तीन वर्षं कॉलेजची आणि त्यानंतर निदान तीन ज्युनिअरशिपची, म्हणजे अनुभवी वकिलाच्या हाताखाली शिकण्याची. ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं. पण ती शिफारस आहे, तिच्या भरवशावर घरखर्च बसवू नका. गृहकर्ज आधी फेडा. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो, तेव्हा स्वतःचा विमा वेळेत काढून ठेवा.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हजेरी मात्र ७० टक्के लागते. "नुसतं परीक्षेला या" असं सांगणाऱ्या कॉलेजच्या वाटेला जाऊ नका. कोर्टात कुणी तुमची गुणपत्रिका मागणार नाही, पण कलम माहीत नसलं तर दोन मिनिटांत उघडे पडाल.

अभ्यासात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र १८६० ची दंड संहिताच लागू आहे, आणि असे खटले अजून अनेक वर्षं चालतील. म्हणून जुनं आणि नवं शेजारी ठेवून वाचा: खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). गाईडआधी मूळ कायदा वाचा, रोज दहा कलमं.

सनदेसाठी राज्याच्या बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानुसार नोंदणीचे ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत; अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा १२५ रुपये आहे. त्यानंतर दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हा. सनद घेऊन पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, पेन्शनला मात्र हरकत नाही.

सगळ्यात विचार करून निवडायचा तो सीनिअर. नुसते जामीन करणारा नको, साक्षीपुरावे चालवणारा हवा. तो वयाने दहा वर्षांनी लहान असेल. तरी त्याला सर म्हणायचं आणि फाइल आपण उचलायची. माझ्या सरांनी पहिल्या महिन्यात एक दोषारोपपत्र (चार्जशीट) हातात दिलं आणि सांगितलं, "फक्त पंचनामे वाचा." पहिला घटनास्थळाचा, ४.५० ला संपलेला. दुसरा जप्तीचा, ५ वाजता सुरू झालेला. दोन्हीवर पंच तेच, आणि दोन गावांत अंतर बावीस किलोमीटर. व्हाउचर तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे माझी नजर आधी वेळेवर आणि सहीवर जाते. सरांनी उलटतपासात तेवढंच विचारलं. दुसऱ्या कागदावर सही पोलीस ठाण्यातच केली, हे पंचाने कबूल केलं.

तुमचं आधीचं काम असंच उपयोगी पडेल. नर्सला जखमेचा दाखला वाचता येतो, आयटीतल्या माणसाला इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रातली त्रुटी दिसते. ते ज्ञान कोपऱ्यात टाकू नका, त्याच प्रकारच्या केसेस सरांकडे मागून घ्या.

तीन वर्षं वकिली झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलसाठी अर्ज करा. या प्राधिकरणामार्फत कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या कामात पैसे थोडे, पण खटला पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्या हातात राहतो. आरोपीला भेटायला जेलमध्ये जाल तेव्हा दोषारोपपत्राची प्रत बरोबर न्या आणि त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा. आपल्यावर नेमका आरोप काय आहे, हे कित्येकांना तोवर कुणी नीट सांगितलेलंच नसतं.