सोयीच्या लग्नाचा सिनेमा फसतो तेव्हा : परीक्षण कसे लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातली अनेक तरुण मंडळी हल्ली चित्रपटांविषयी मनापासून लिहितात. आवडलेल्या चित्रपटावर ती भरभरून लिहितात. निराशा करणाऱ्या चित्रपटाची बोळवण मात्र ‘एकदा बघायला हरकत नाही’ एवढ्या वाक्यावर होते. सोयीच्या लग्नावर, म्हणजे प्रेमाऐवजी एखाद्या गरजेपोटी केलेल्या लग्नावर, बेतलेल्या प्रेमविनोदी चित्रपटांच्या वाट्याला तर हे हमखास येते, कारण हा प्रकार हलकाफुलका असल्याने त्यात तपासण्यासारखे काही नसते असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची बांधणी अवघड असते आणि ती नेमकी कुठे ढासळली हे दाखवता येते.

चित्रपट पाहताना सर्वात आधी लग्नामागची गरज पाहावी. या दोघांना लग्न केल्यावाचून गत्यंतर नव्हते, असे आपल्याला मनापासून वाटले का? आपल्या सीमाभागात सोयरीक जुळवताना शेती, नोकरी, बेळगावातले घर, चंदगड-गडहिंग्लजकडचे नातेसंबंध यांचा विचार उघडपणे होतो, त्यामुळे लग्नातली सोय म्हणजे काय हे इथल्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. असा प्रेक्षक लटके कारण लगेच ओळखतो. एकट्या मुलाला घर भाड्याने मिळत नाही म्हणून नायक खोटे लग्न करतो आणि पुढच्याच प्रसंगात त्याच्या मित्राचा प्रशस्त बंगला रिकामा दिसतो, तर चित्रपट तिथेच फसलेला असतो. पुढचे विनोद कितीही चांगले असले तरी त्यांना आधार उरत नाही. चित्रपट पाहून घरी आल्यावर नायकाची गरज एका वाक्यात आणि नायिकेची गरज दुसऱ्या वाक्यात लिहून पाहावी. दुसरे वाक्य लिहिताच येत नसेल, तर परीक्षणाचा मुख्य मुद्दा हाती लागला असे समजावे, कारण निराशेचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते : लग्नाची सोय एकाचीच असते आणि दुसरी व्यक्ती केवळ पटकथेला हवी म्हणून तयार होते.

तुलनेसाठी पीटर विअर यांचा १९९० सालचा ‘ग्रीन कार्ड’ पाहावा. त्यात फ्रेंच नायकाला अमेरिकेत राहण्याचा परवाना हवा असतो, तर नायिकेला झाडांसाठी काचगृह असलेले घर हवे असते आणि ते विवाहित जोडप्यालाच मिळणार असते. दोघांनाही काहीतरी मिळवायचे आहे, आणि सरकारी अधिकारी चौकशीला येणार असल्याने दोघांनाही काहीतरी गमावण्याची भीती आहे. एकमेकांच्या सवयी पाठ करताना ते खरोखर जवळ येतात, म्हणजे प्रेम त्या खोटेपणाच्या कामातूनच उगवते. फसलेल्या चित्रपटात हा सांधा सापडत नाही. तिथे प्रेम एखाद्या गाण्यात, पावसात किंवा परगावच्या सहलीत अचानक होते.

कायद्याची बाजूही तपासावी. कथा भारतात घडत असेल आणि ‘सहा महिन्यांत घटस्फोट घेऊन मोकळे होऊ’ असा करार पात्रे करत असतील, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ काय सांगतो ते परीक्षणात यायला हवे. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास लग्नाला एक वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही, आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. विनोदी चित्रपटाने प्रत्येक कलम पाळावे असा आग्रह नको. पण फलकावर लागलेली ती नोटीस एखाद्या ओळखीच्या माणसाने वाचली तर केवढा गोंधळ उडेल! असा तयार विनोद हातचा घालवून चित्रपट जेव्हा दुपारी ठरलेले लग्न संध्याकाळी उरकतो, तेव्हा लेखकाने कष्ट टाळले हे स्पष्टपणे लिहावे.

यानंतर एकच प्रसंग निवडून तो बारकाईने उलगडावा. मराठी चित्रपटात उखाण्याचा प्रसंग यासाठी फार उपयोगी पडतो. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका खोट्या सुनेला नाव घ्यायला लावतात आणि ती म्हणते, ‘किल्ल्याच्या तळ्यात कमळ फुलले छान, अमुकरावांचे नाव घेते, राखते सर्वांचा मान.’ आता पाहायचे ते एवढेच की नावाआधी ती किंचित अडखळते का, कॅमेरा त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर थांबतो की जमलेल्या बायकांच्या हसण्याकडे वळतो, आणि दारात उभा असलेला नायक आपले नाव प्रथमच तिच्या तोंडून ऐकतो हे दिग्दर्शकाच्या ध्यानात आहे का. हे तिन्ही हुकले असेल तर तेवढ्या एका प्रसंगाचे वर्णन पानभर तक्रारींपेक्षा अधिक पटते.

पात्रे आपल्या भागातली असतील तर भाषेकडे लक्ष द्यावे. ‘जेवून जा की’ म्हणणारी आत्या, कन्नड शेजारणीशी सहज कन्नडमध्ये बोलून पुन्हा मराठीत येणारी सासू, ही आपल्या घराघरांतली बोलणी आहेत. चित्रपटाने केवळ हशा मिळवण्यासाठी ती वेडीवाकडी केली असतील, तर नेमका संवाद उद्धृत करून आक्षेप नोंदवावा.

लेखन चारशे-पाचशे शब्दांत बसवावे. कथा पहिल्या परिच्छेदात चार ओळींत सांगावी आणि शेवट उघड करू नये, अगदी तो पहिल्या दहा मिनिटांत ओळखू आला असला तरी. कलाकारांच्या दिसण्यावर शेरे मारू नयेत. या प्रकारात अनेकदा चांगले नट कमकुवत पटकथेत अडकलेले असतात, आणि एखाद्या दुय्यम भूमिकेतल्या अभिनेत्रीने दोन प्रसंग तोलून धरले असतील तर तिचे श्रेय तिला नावानिशी द्यावे. नावे आणि त्यांचे लेखन श्रेयनामावलीवरून पडताळून घ्यावे. मजकूर पाठवण्यापूर्वी चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या मित्राला तो वाचायला द्यावा आणि ‘या दोघांनी लग्न का केले?’ असे त्याला विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर दोष चित्रपटाचा आहे की आपल्या लेखनाचा, हे तपासून मगच मजकूर पाठवावा.