घरच्या बागेतील वांग्यावरची कीड कशी आवरावी

घरच्या बागेत वांग्याची चार-सहा झाडे लावणाऱ्यांना सर्वाधिक सतावते ती शेंडा व फळ पोखरणारी अळी. कुंडीत पुरेशी ओल असूनही एखादाच कोवळा शेंडा मान टाकतो, तेव्हा फिकट गुलाबी रंगाची ही अळी आत शिरून गाभा खात असते. तिथवर फवारणी पोहोचत नाही, म्हणून सरळ कात्री घ्यावी आणि आतला गाभा भरीव लागेपर्यंत शेंडा खाली कापत जावा. कापलेला तुकडा उभा चिरल्यास पोकळीत विष्ठा आणि बहुधा अळीही दिसते. तो साबणाच्या पाण्यात बुडवावा, कंपोस्टमध्ये टाकू नये. झाडाला बाजूने नवे फुटवे येतात, तेव्हा कापताना हात आखडू नये.

फळात अळी लहानपणीच, बहुधा देठाजवळच्या हिरव्या टोपीखालून शिरते आणि ते बारीक छिद्र बुजून जाते. वांग्यावर आपल्याला दिसणारे मोठे गोल छिद्र पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यासाठी बाहेर पडल्याचे असते. त्यामुळे किडकी वांगी दिसताच तोडावीत आणि झाडाखालचा पालापाचोळा, जिथे ती कोष करते, नियमित उचलावा. झाडे थोडी असल्यास बारीक जाळीने झाकणे उत्तम, कारण वांग्यात मुख्यतः स्वपरागीभवन होते. फुले हलकेच टिचकीने हलवली तरी फळ धरते.

मावा व तुडतुडे पानांच्या खालच्या बाजूस बसून रस शोषतात. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने पाने खालून धुवावीत. तो वाढल्यास 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी, त्यात किंचित साबण मिसळून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावी, कारण उन्हात या अर्काचा प्रभाव लवकर ओसरतो.

मात्र फवारणीपूर्वी पाने नीट निरखावीत. माव्यामध्ये चिमुकल्या मगरीसारखी दिसणारी, काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी फिरत असेल, तर ती ढालकिड्याची असून मावाच खाते. त्या फांदीवर काहीही फवारू नये. मुंग्या मात्र माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात, म्हणून खोडावरची त्यांची वाट आधी बंद करावी.