भातखाचरात टिकेल असा रेडॉक्स इलेक्ट्रोड घरी कसा बनवायचा

खाचरात पाणी साठलं की मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो, मग जिवाणू नायट्रेट, मँगनीज, लोह असं एकेक वापरत जातात आणि शेवटी मिथेन सुटायला लागतो. मातीची ही स्थिती म्हणजेच रेडॉक्स, ती चिखलात खोचलेल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजवरून कळते. मीटरवर हे +४०० मिलिव्होल्टपासून पार -२०० पर्यंत उतरताना दिसतं, पण त्यासाठी इलेक्ट्रोड चिखलात अख्खा हंगाम टिकला पाहिजे.

१ मिमी जाडीच्या प्लॅटिनम तारेचा २ सेंमी तुकडा घ्या, तांब्याच्या वायरला सोल्डर करा, नळीत घाला, १ सेंमी टोक बाहेर ठेवा. झालं.

खरा घोळ पुढे आहे, सीलिंगमध्ये. पाच मिनिटांत सुकणारा एपॉक्सी लावा असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, मी ऐकलं आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मे इलेक्ट्रोड भलतंच दाखवायला लागले. एक कापून बघितला तर जोड हिरवागार, ताक ठेवलेलं तांब्याचं भांडं कळकतं ना तसा. जोडाला पाण्याचा थेंब जरी लागला तरी प्लॅटिनमच्या व्होल्टेजमध्ये तांब्याचं मिसळतं आणि आकडा वाया, वर गंमत म्हणजे तो स्थिर असतो म्हणून पटकन संशयही येत नाही.

म्हणून २४ तास घेणारा एपॉक्सीच वापरा. प्लॅटिनम गुळगुळीत असतं, एपॉक्सी धरत नाही, तेव्हा आत राहणारा भाग पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा आणि नंतर बोट लावू नका. एपॉक्सी सिरिंजने तळापासून वर भरत या, वरून ओतलात तर बुडबुडा राहणारच. आणि वायर सिंगल कोअरच घ्या, बारीक तारांच्या वायरमधून पाणी वातीसारखं चढतं.

आठवडाभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग टेस्ट. बफरमध्ये (ठरलेल्या पीएचचं द्रावण) चिमूटभर क्विनहायड्रोन (ठरलेलं व्होल्टेज देणारं रसायन) टाकून सॅच्युरेटेड सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सशी (तुलनेसाठी लावायचा, स्थिर व्होल्टेजचा दुसरा इलेक्ट्रोड) मोजलं तर २५ अंशाला पीएच ४ मध्ये २६३ आणि पीएच ७ मध्ये ८६ मिलिव्होल्ट यायला हवेत. १० पेक्षा जास्त फरक असेल तर तो इलेक्ट्रोड बाजूला काढा, जीव तुटतो पण काढा.

साधा मल्टिमीटर चालत नाही, तो स्वतःच करंट ओढतो, पीएच मीटरचा मिलिव्होल्ट मोड वापरा. खाचरात आलेल्या आकड्यात १९९ मिळवा, म्हणजे सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेतला आकडा नेहमीच्या हायड्रोजन मापात येतो. मातीत जितक्या खोलवर मोजायचं, त्या प्रत्येक खोलीवर किमान पाच इलेक्ट्रोड लावा, वीतभर अंतरावर माती बदलते. पहिल्या दिवसाचं रीडिंग धरू नका, आणि कापणीनंतर काढताना वायर ओढू नका, नळी धरून काढा.