गाडीत फोन जोडताना गाणी वेगळी, कॉल वेगळा

फोन गाडीतल्या टेपला, म्हणजे म्युझिक सिस्टिमला जोडला, गाणं दणक्यात वाजलं, आणि कॉल आला तर आवाज फोनमधूनच. नाहीतर याच्या उलट, कॉल टेपवर आणि गाणी फोनमध्ये. अशा वेळी टेप बिघडला म्हणून दुकान गाठायची गरज नसते. ब्लूटूथवर गाणी आणि कॉल या दोन स्वतंत्र जोडण्या असतात. गाण्याचा आवाज एकाच बाजूने जातो, तो स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा असतो. कॉलचा दोन्हीकडून ये-जा करतो आणि तो मोनो असतो, म्हणून टेपवर गाणं भरदार आणि बोलणं पोकळ ऐकू येतं. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत टेपच्या नावाशेजारचं चक्र दाबलं की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन बटणं दिसतात. दोन्ही चालू हवीत. आयफोनवर टेपच्या नावापुढचा ‘आय’ दाबून ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टिरिओ’ निवडा.

पहिली जोडणी गाडी उभी करून, चावी ॲक्सेसरीवर ठेवून करा. आधी टेपमधले जुने फोन पुसा. बऱ्याच टेपमध्ये मोजक्याच फोनची जागा असते, आणि मेव्हण्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे फोन तिथे ठाण मांडून बसलेले असतात. यादी भरली की नवा फोन सापडतो, पण जुळत नाही. जुन्या टेपने कोड मागितला तर ०००० किंवा १२३४ टाकून बघा. फोनने कॉन्टॅक्टची परवानगी विचारली तर ‘हो’ म्हणा, नाहीतर टेपवर नावाऐवजी नुसते आकडे येतील. मग एका गाण्याची आणि एका कॉलची चाचणी घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. जुन्या टेपवर व्हॉट्सॲप कॉल स्टिअरिंगच्या बटणाने उचलला जाईलच असं नाही, तेही तेव्हाच बघून घ्या.

टेपला ब्लूटूथ नसेल आणि ऑक्सची पिन, म्हणजे वायरीने आवाज आत घ्यायची जागा असेल, तर ऑक्सला लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. त्यात माइक आहे ना, हे विकत घेण्याआधी बघा, नाहीतर फक्त गाणीच वाजतील. लायटरच्या सॉकेटात बसणारा एफएम ट्रान्समीटर हा आमच्या मते शेवटचा पर्याय. तो स्वतःचं बारीकसं रेडिओ स्टेशन चालवतो, म्हणून त्याला मोकळी फ्रिक्वेन्सी लागते. छत्रपती संभाजीनगरात १०१.७ वर आकाशवाणी आहे, तिच्या शेजारी ट्रान्समीटर लावलात तर गाण्यात खरखर मिसळणारच. आणि संभाजीनगरात मोकळी असलेली जागा नांदेडला मोकळी असेल असं नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात दर शहरात ती बदलत बसावी लागते.

सगळ्यात जास्त रडगाणं असतं ते समोरच्याचं: ‘हॅलो, विहिरीतून बोलताय का?’ दोष बहुतेक वेळा नेटवर्कचा नसून माइकचा असतो. बाहेरून बसवलेल्या टेपचा माइक बरेच जण डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, एसीच्या जाळीपाशी चिकटवतात, आणि मग तुमच्याआधी ब्लोअरच बोलतो. तो ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेलगतच्या खांबावर किंवा स्टिअरिंग कॉलमवर, तोंडापासून हातभर अंतरावर, जाळीपासून दूर लावा. वायर खांबाच्या आवरणात सरकवताना तिथे एअरबॅग नाही ना, याची खात्री करून घ्या. समोरच्याला स्वतःचाच आवाज घुमून येत असेल तर टेपचा आवाज कमी करा. स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये परत जात असतो. कॉलच्या वेळी काच बंद आणि ब्लोअर एक नंबरवर, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

ऑक्सवर गाणी लावून त्याच गाडीच्या सॉकेटात फोन चार्ज करताना कधी कधी बारीक शिट्टी येते, आणि ॲक्सिलेटर दाबला की ती चढते. ही अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची शिट्टी, अर्थिंगच्या दोन वाटांमुळे शिरलेली. चार्जर उपसून बघा. आवाज गेला तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगची ती वाट तोडणारी छोटी डबी) लावा किंवा फोन पॉवरबँकवर ठेवा. ऑक्सवर फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून कमी-जास्त टेपवरच करा. फोनचा कमी आणि टेपचा जास्त असेल तर सूंऽऽ असा आवाज वाढतो.

पेनड्राइव्ह टेपला दिसत नसेल तर ती बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असते. कॉम्प्युटरवर तिचा फॉरमॅट फॅट३२ करा आणि गाणी एमपी३ मध्ये ठेवा. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. बालाघाटच्या डोंगरात आणि कन्नडच्या घाटात रेंज जाते, म्हणून स्ट्रीमिंगवर विसंबून राहू नका. निघण्याआधी घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या. वायरीवरचा अँड्रॉइड ऑटो (फोनमधले नकाशे, गाणी टेपच्या पडद्यावर दाखवणारी सोय) मधेच तुटत असेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर तो चालतच नाही. डेटा केबल एक मीटरच्या आतली बरी. आणि आपल्याकडची धूळ! केबल नीट बसेना झाली तर फोनच्या पोर्टात काडीने हलकेच बघा, बोटाच्या चिमटीतला कापूस-धुळीचा गोळा निघतो.

आता ऊन. आयफोन वापरण्यासाठी कंपनीने ० ते ३५ अंश तापमान सांगितलंय आणि मे महिन्यात परभणी-नांदेडची हवाच ४० च्या पुढे जाते. काचेखाली फोन तापला की तो आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. स्टँड काचेवर लावण्यापेक्षा एसीच्या जाळीवर लावा, फोन थंड राहतो. थंडीत हीटर चालू असताना मात्र तो तिथून काढा. काचेवरच लावायचा असेल तर काच ओल्या फडक्याने पुसून, सावलीत, कोरडी झाल्यावर चिकटवा. डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ लिहिलंय त्या जागी काहीही लावू नका.

हातात फोन धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणून नंबर शोधणं, गाणं बदलणं हे गाडी थांबवूनच. गाळपाच्या दिवसांत बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात असतात, तेव्हा तर हँड्सफ्रीवरचा कॉलही ‘नंतर करतो’ म्हणून तोडावा.

गाडी विकायला काढली की टेपमधल्या जोडण्या आणि फोनबुक दोन्ही पुसा, जमलं तर फॅक्टरी रीसेट करा. फोनमधूनही टेपचं नाव काढायला विसरू नका.