इंदुरात हॉट टब घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये गेलात की विक्रेता आधी जेट, म्हणजे पाण्याचे फवारे, मोजून दाखवतो. मग रंगीत दिवे, मग गाण्यांसाठी ब्लूटूथ. आम्हीही त्यालाच भुललो. टब कशावर बसणार आणि त्यात पाणी कुठलं भरणार, हे ना त्यानं विचारलं ना आम्ही. पुढं जे काही बिघडलं, ते बहुतेक या दोन गोष्टींपायी.

आधी बूड. चौघांच्या टबात साधारण 1000 लिटर पाणी मावतं, म्हणजे 1000 किलो. टबाचं स्वतःचं वजन आणि आत बसलेली माणसं धरली की दीड टनाच्या घरात जातं. दोन बाय दोन मीटर जागेत हे म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलो. वावर असलेली गच्ची भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरून आखतात. ‘पाण्याची टाकी पेलते, मग टब का नाही?’ असं कंत्राटदार म्हणेल. टाकी सहसा भिंतीवर किंवा कॉलमवर टेकवलेली असते, टब मात्र मधोमध हवा असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लिहून दिल्याशिवाय गच्चीचं नाव काढू नका.

अंगणात ठेवाल तर खाली माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आम्ही फरशा उचकटून तिच्यावरच चार इंच काँक्रीट ओतलं. दुसरा पावसाळा सरला तेव्हा पाणी एका कडेला काठाखाली चार बोटं, समोरच्या कडेला दोन. टब रिकामा करा, सहा माणसं लावून हलवा, माती उकरा, मुरूम भरून ठोका, वर जाळी टाकून पुन्हा काँक्रीट. सगळं दुसऱ्यांदा.

आता पाणी. नर्मदेचं पाणी जलूदच्या पंपिंग स्टेशनहून, सत्तरेक किलोमीटरवरून येतं आणि बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड, त्यामुळे टब सर्रास बोअरिंगवर भरतात. बादल्यांवर पांढरे डाग पाडणारं, गिझरची कॉइल खाणारं तेच पाणी. आमचा हीटर उघडला तेव्हा कॉइलवरून अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे निघाले. मी टीडीएस मीटर बुडवून निश्चिंत झालो होतो, तीही चूकच. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, त्यात कठीणपणा किती ते कळत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी किंवा थेंबांचा किट लागतो. टबाला 150 ते 250 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) ठीक. आमचं बोअरिंग 480 निघालं. आता नळ येईल त्या दिवशी नर्मदा भरतो आणि कमी पडेल तेवढंच बोअरिंग. निव्वळ सॉफ्टनरचं पाणीही नको, ते फेसाळतं आणि धातू खातं.

पीएच 7.2 ते 7.8 आणि क्लोरिन किमान 3 पीपीएम ठेवा. कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून ‘परवाच टाकलं होतं’ चालत नाही. स्विमिंग पूलच्या मोठ्या गोळ्या स्वस्त पडतात म्हणून टबात सोडू नका. त्या आम्लधर्मी असतात, पीएच पाडतात आणि जिथं पडून राहतात तिथला पृष्ठभाग खराब करतात. क्लोरिनचा उग्र वास आला तर बहुतेक जण डोस कमी करतात. खरं तर तो वास घाम आणि मळाशी झटून दमलेल्या क्लोरिनचा असतो. झाकण उघडं ठेवून शॉक डोस, म्हणजे क्लोरिनचा एकदम मोठा डोस द्या, आणि पातळी खाली आल्यावरच आत उतरा.

नरकचतुर्दशीला भाचा अभ्यंग करून, तेल-उटण्यासकट थेट टबात उतरला. तासाभरात ताकासारखा फेस, कडेनं पिवळी रेघ आणि फिल्टर हाताला चिकट. फिल्टर रात्रभर क्लीनरमध्ये भिजवला तरी पाणी बदलावंच लागलं. तेव्हापासून दारात पाटी आहे: आधी साबणानं आंघोळ. रंगपंचमीच्या गेरवरून (रंगांच्या मिरवणुकीवरून) आलेल्यांना तर फाटकाबाहेरच थोपवतो.

पाणी 40 अंशांच्या वर नको, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेली माणसं डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत नकोत. मे महिन्यात हीटर बंद असूनही पाणी तापतं, कारण पंपाची उष्णता झाकणाखाली कोंडते. रात्री झाकण अर्धं उघडा.

आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘थेट जोडून देतो.’ त्याला तिथंच थांबवा. बहुधा हीटरचा एलिमेंट चिरून करंट पाण्यात जात असतो, आणि 30 मिलीॲम्पियरवर पडणारा तो स्विच तुमचा जीव वाचवत असतो. मेन बंद करा, हीटर तपासून घ्या.

पाणी बदलल्यावर पंप घुमतो पण जेट मुके, तर नळीत हवा अडकली आहे. पुढच्या वेळी पाइप फिल्टरच्या खोबणीत सोडून तिथूनच टब भरा. आणि पॅनेलवर ‘फ्लो’, म्हणजे पाणी नीट वाहत नसल्याचा इशारा, दिसला की मेकॅनिकला फोन करण्याआधी फिल्टर काढून पंप मिनिटभर चालवून पाहा. चालला तर दोष फिल्टरचा, आणि तो धुवायला मेकॅनिक लागत नाही.