देवगिरी बघायचा तर रामदेवरावाची गोष्ट सोबत घेऊन चढा, क्रम असा ठेवा

देवगिरीला बरेच लोक वेरूळला जाता जाता तासाभरासाठी थांबतात, चांदमिनारासमोर फोटो काढतात आणि निघतात. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण यादवांचं अख्खं राज्य इथं बुडालं, ज्या रामदेवरावाचं नाव ज्ञानेश्वरीच्या शेवटी येतं त्याचं राज्य, आणि ते कसं बुडालं हे किल्ला चढता चढता नीट कळतं. फक्त कुठं काय आठवायचं ते ठरवून जा.

सकाळी लवकर पोचा, पायऱ्या साडेसातशेच्या आसपास आहेत. उन्हाळा टाळा, पाणी घ्या, बॅटरी घ्या, खायचं पिशवीच्या तळाशी ठेवा कारण माकडं आहेत. आणि तीन नावं डोक्यात ठेवा: रामदेवराव, मुलगा शंकरदेव, जावई हरपाळदेव.

आत शिरलं की तटबंदी बघून माणूस भारावतोच, पण यातली बरीचशी नंतरच्या सुलतानांनी बांधलेली आहे आणि चांदमिनारही बहमनी काळातला, म्हणून तिथं फार वेळ घालवू नका. भारतमाता मंदिर जाताना मुद्दाम सोडा, ते शेवटी बघायचंय.

पहिला मोठा थांबा खंदकावरच्या पुलाशी. समोरचा कडा छिन्नीनं सरळ तासलाय, पाय ठेवायला खाच नाही. इथं उभं राहून 1296 आठवा. अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता, प्रयागजवळच्या कडा-माणिकपूरचा सुभेदार होता, चुलत्याला म्हणजे दिल्लीच्या जलालुद्दीन सुलतानाला न सांगता काही हजार घोडेस्वार घेऊन एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरमार्गे, इथं आला. वाटेत कान्हा नावाच्या सरदारानं अडवलं, चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी लिहितो की त्या लढाईत दोन बायकाही जिवाच्या आकांतानं लढल्या, पण ते हरले. शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर होता, त्यामुळं राजा मोजक्या लोकांनिशी वर गेला आणि खाली शहर लुटलं गेलं. अल्लाउद्दीननं हा कडा चढायचा प्रयत्नच केला नाही, त्यानं उठवून दिलं की मागून दिल्लीचे 20,000 स्वार येतायत. ते खरं की खोटं हे बघायला राजाकडं माणूस नव्हता, माझ्या मते राज्य तिथंच अर्धं गेलं.

पुढं अंधारी, म्हणजे कड्याच्या आतून वर जाणारी काळोखी वाट. एक मिनिट बॅटरी बंद करून भिंतीला हात लावून उभे राहा, वटवाघळांचा वास येतो, पुढची पायरी पायानं चाचपडावी लागते. अशा वाटेनं कोण वर येणार, हे तुम्हालाच कळेल.

मग बारादरी. इमारत मुघलांच्या काळातली आहे, आपल्याला हवीय ती तिथली नजर. त्या अफवेनं राजानं तह ठरवला, त्यानंतर शंकरदेव परत आला, बापाचा निरोप न ऐकता लढला आणि अल्लाउद्दीनची फळी मोडायला लागली, तेवढ्यात किल्ल्यावर नजर ठेवायला मागं राहिलेला नुसरतखान हजारभर स्वार घेऊन धावला आणि त्यांचा धुरळा बघून यादवांना वाटलं दिल्लीची फौज आली. खाली कच्च्या रस्त्यानं एखादी गाडी जाईपर्यंत थांबा, धुरळा उठतो आणि आत एक गाडी आहे की दहा हे वरून अजिबात सांगता येत नाही. लढाई त्या धुरळ्यात गेली. वर कोठारात धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं असं फिरिश्ता या इतिहासकारानं तीनशे वर्षांनी लिहिलंय, तपशील खरा असो नसो, वेढ्याची तयारी नव्हती हे दिसतंच. खंडणी आणि एलिचपूरचं उत्पन्न देऊन सुटका झाली.

उतरताना पुढची 22 वर्षं आठवत उतरा, सोबत मुलं असतील तर त्यांना सांगत उतरा. खंडणी थांबली म्हणून 1307 च्या सुमारास, आता सुलतान झालेल्या अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवरावाला दिल्लीला नेलं, तिथं मान दिला, राय रायान पदवी दिली आणि परत पाठवलं. त्यानंतर हाच राजा वरंगळवर आणि दक्षिणेतल्या होयसळ राजांवर निघालेल्या दिल्लीच्या फौजांना मदत करत राहिला, मला हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. 1311 च्या सुमारास तो गेला. शंकरदेवानं दिल्लीला नकार दिला, काफूरनं 1313 मध्ये त्याला मारलं. हरपाळदेवानं पुन्हा राज्य उभं करायचा प्रयत्न केला, अल्लाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारकशाह खिलजीनं त्याला पकडून हाल करून ठार केलं.

आता भारतमाता मंदिरात या. मुबारकशाहनं 1318 मध्ये ही मशीद म्हणून बांधली आणि खांब लावले ते यादवकाळातल्या देवळांचे. घाई करू नका, एका खांबाजवळ जा, नक्षीवर सावकाश बोट फिरवा, कडा अजून बोटाला लागतात.