समूह प्रतिकारशक्तीची पातळी कशी काढावी
पुरेशा लोकांना प्रतिकारशक्ती असल्याने रोगाचा प्रसार थांबतो, याला समूह प्रतिकारशक्ती म्हणतात; त्यासाठी लागणारे अशा लोकांचे किमान प्रमाण म्हणजे तिची पातळी. कोणालाही रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या लोकसंख्येत एक रुग्ण सरासरी जितक्या जणांना संसर्ग देतो, त्या संख्येला मूलभूत पुनरुत्पादन संख्या म्हणतात. गोवरासाठी ती साधारणपणे १२ ते १८ धरली जाते. १ ला या संख्येने भागावे आणि येणारा भागाकार १ मधून वजा करावा; येणारे उत्तर म्हणजे ही पातळी. संख्या १५ असल्यास सुमारे ९३ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते. लस प्रत्येकाला संरक्षण देतेच असे नाही, म्हणून प्रत्यक्ष लसीकरण याहून अधिक हवे. सर्व लोक एकमेकांत सारखेच मिसळतात, हे या सूत्रातील गृहीतक मात्र फारच भाबडे आहे: लस न घेतलेली कुटुंबे एकाच वस्तीत एकवटली असतील, तर एकूण सरासरी समाधानकारक दिसत असूनही तिथे उद्रेक होऊ शकतो, त्यामुळे आकडे वस्तीनिहाय तपासावेत.